खोट्याची नोंद

नाणे खणखणीत वाजते की नाही यावरून माणसाची पारख करण्याची आपल्या भाषेची जुनी रीत आहे. बंदा रुपया, कसाला उतरलेला माणूस, वाजवून घेतलेला व्यवहार हे सारे शब्द सराफकट्ट्यावरून उठून आपल्या घरात आले आणि इथलेच झाले. माझ्या वडिलांना, अण्णांना, यांतला 'खणखणीत' हा शब्द निदान प्राचीन नाण्यांच्या बाबतीत मान्य नव्हता. ते नाशिकला एका शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या पैशात, जुनी नाणी जमवीत. दोन हजार वर्षे जमिनीत पडून राहिलेले रुपे पुष्कळदा वाजतच नाही, असे ते सांगत. धातूच्या कणाकणांच्या सांध्यांतून क्षार आत शिरतात, वरून धड दिसणारे नाणे आतून ठिसूळ होते. फरशीवर टाकले तर त्याचा बद्द आवाज येतो, आणि दुर्दैव असेल तर बिस्किटासारखे त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून फार सुरेल वाजणारे प्राचीन नाणे हाती आले की अण्णा आधी सावध होत. "म्हाताऱ्याने तरुणाच्या आवाजात बोलू नये," असे त्यांचे म्हणणे होते.

खोट्या नाण्याला आमच्या घरात 'खोटे' म्हणत नसत, 'कूट' म्हणत. हा शब्द अण्णांनी कौटिल्याकडून घेतला होता. आणि खऱ्या नाण्याला ते 'खरे' म्हणत नसत, 'चांगले' म्हणत. "हे चांगले आहे" एवढेच ते म्हणत, आणि नाणे पेटीत जाई. या दोन शब्दांतला भेद मला लहानपणापासून ठाऊक होता. तरी एका प्रसंगी तो माझ्या कानांवरून गेला आणि मला कळला नाही. त्या प्रसंगाविषयी मी हे लिहीत आहे.

मी स्वतः धातूच्या नव्हे, कागदाच्या पैशात आयुष्य काढले. एका बँकेत रोखपाल म्हणून लागलो, पुढे अधिकारी झालो आणि १९८७ साली बदलीने लखनौला आलो. मराठी माणसाला लखनौ अगदीच परके नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली इथे संगीताचे विद्यालय उभे केले, आणि त्या निमित्ताने मराठी स्वर या शहरात कायमचा राहिला. तरीही पहिली दोन वर्षे मला हे शहर फार मऊ वाटे. इथे कोणी 'नाही' म्हणत नाही, 'बघू' म्हणतो. कोणी किंमत सांगत नाही, 'आपणच सांगा' म्हणतो. नाशिकच्या सरळसोट बोलण्यात वाढलेल्या माणसाला त्या अदबीतून अर्थ वेगळा काढायला वेळ लागतो.

रविवारी मी चौकात भटकत असे. गोल दरवाज्यातून आत शिरले की अत्तराचा वास येई, आणि त्या वासाच्या आतून एक ठेका ऐकू येई. ते वरख कुटणारे कारागीर असत. चामड्याच्या पानांच्या चळतीत रुप्याचे तुकडे ठेवून ते तासन् तास हातोडीने कुटायचे. रुप्याचा इतका पातळ पापुद्रा निघे की श्वास लागला तरी उडून जाई. त्यांच्यापैकीच एका म्हाताऱ्याने मला रुप्याची पहिली परीक्षा शिकवली. वरख दोन बोटांत चोळावा. रुप्याचा असेल तर तो बोटांच्या रेषांत जिरून नाहीसा होतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याच्या करड्या गोळ्या होतात. खऱ्याची खूण अशी, की ते नाहीसे होताना तक्रार करीत नाही.

त्याच गल्लीत जुन्या भांड्यांचे एक लहान दुकान होते. अत्तरदाण्या, पानदान, गुलाबपाण्याच्या झाऱ्या, आणि एका काचेच्या पेटीत काही नाणी. १९८९ च्या हिवाळ्यात त्या पेटीत मला नहपान दिसला.

नाशिकच्या माणसाला लखनौच्या गल्लीत नहपान दिसणे म्हणजे काय, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी या गावी रुप्याच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. सुमारे १३,००० नाणी होती, आणि ती सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरांचा वळसा. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिपींत राजाचे नाव. पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच एका राजाने आपले छाप मारलेले होते. कमानींचा डोंगर एका बाजूला, उज्जयिनीचिन्ह दुसऱ्या बाजूला. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. पांडवलेण्यांतल्या शिलालेखात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, त्याला क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हटले आहे. शिलालेखातली प्रशस्ती अतिशयोक्त असू शकते. नाणी मात्र तीच गोष्ट हातोडीने सांगत होती. शत्रूचे नाणे वितळवायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर स्वतःचा डोंगर ठोकला आणि ते पुन्हा बाजारात सोडले.

अण्णांचा जन्म १९१४ चा. जोगळटेंभीच्या साठ्याची गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकली होती, आणि आयुष्यभर त्यांनी दुसऱ्या कुठल्याही नाण्याचा इतका ध्यास घेतला नाही. त्यांच्याजवळ त्या जातीची दोन नाणी होती, पण दोन्ही अर्धवट. एकावर नहपानाचा चेहरा पार पुसला गेला होता, दुसऱ्यावर डोंगराचा एक कोपराच तेवढा उमटला होता. दोन्ही राजे स्वच्छ दिसतील असे नाणे त्यांना हवे होते. आणि चौकातल्या त्या पेटीत नेमके तेच होते. राजाचे नाक, ओठ, हनुवटी अगदी स्पष्ट, आणि गालावर तिरपा ठोकलेला डोंगर.

दुकानदार वृद्ध आणि फार गोड बोलणारा होता. त्याने मला चहा पाजला. एका जुन्या खानदानाची, पडक्या हवेलीची आणि तिच्या भिंतीत सापडलेल्या मडक्याची कहाणी सांगितली. मी ४५० रुपये मोजले. नाण्याबरोबर गोष्ट मिळाली तर गोष्टीचे पैसे देऊ नयेत, हा अण्णांचा नियम मला पाठ होता. पण पाठ असलेला नियम ऐन वेळी आठवतोच असे नाही. शिवाय त्या दिवशी मी नाणे विकत घेत नव्हतो. अण्णांच्या पंचाहत्तरीला काय न्यावे या प्रश्नाचे उत्तर विकत घेत होतो.

समारंभ घरगुती होता. जेवणे झाल्यावर मी कागदाची पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाणे तळहातावर घेतले, खिडकीशी गेले, भिंग काढले. नेहमीपेक्षा जास्त वेळ ते पाहत राहिले. मग वळून म्हणाले, "फार सुंदर आहे रे." आणि पेटीत न ठेवता त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकले. पुढे अनेकदा घरी नाण्यांचे शौकीन आले, पेटी उघडली गेली. ते नाणे कधी दाखवले गेले नाही. मला वाईट वाटत असे. मोठ्या मुलाने आणलेल्या वस्तूचे कौतुक चारचौघांत करायला बापाला संकोच वाटत असेल, असे मी स्वतःला समजावले.

१९९१ साली, एका रविवारी, मी नखासच्या बाजारात गेलो होतो. जुनी कुलुपे, किल्ल्यांचे जुडगे, घड्याळांचे सांगाडे यांच्यामध्ये एका मुलाने फडक्यावर काही नाणी मांडली होती. त्यांत नहपान होता. तेच नाक, तेच ओठ, गालावर तोच तिरपा डोंगर. मी ते उचलले आणि माझ्या हाताला घाम सुटला. डोंगराची उजवी कमान जिथे राजाच्या भुवईला छेदते तिथे एक बारीक खळगा होता. तो खळगा मला चांगला ठाऊक होता. लखनौ ते नाशिक गाडीत मी तो दहादा न्याहाळला होता. मुलाने किंमत सांगितली ६० रुपये.

पुनर्मुद्रित नाण्याला जुळे भाऊ नसतात. पहिला छाप ज्याने मारला त्याचा हात वेगळा, दुसरा ज्याने मारला त्याचा वेगळा, आणि दोन घावांच्या मध्ये नाणे ऐरणीवर कसे पडले हा निव्वळ योगायोग. ९,००० नाण्यांवर डोंगर ९,००० जागी पडला आहे. जिथे दोन नाण्यांवर तो एकाच जागी, एकाच कोनात, एकाच खळग्यासह दिसतो, तिथे दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत हे सांगायला भिंगही लागत नाही. एखाद्या चांगल्या नाण्यावरून कोणीतरी साचा घेतला होता, आणि त्या साच्यात किती नहपान जन्मले ते त्या माणसालाच ठाऊक.

मी चौकातल्या दुकानात गेलो. रागावून बोलायचे असे ठरवून गेलो होतो. त्या वृद्धाने पुन्हा चहा मागवला, माझे सगळे ऐकून घेतले आणि डोळे मिटून म्हणाला, "हुज़ूर, चीज़ तो चीज़ है, पहचान अपनी-अपनी." मी चहा न घेता उठलो. पण त्याच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अण्णांना मी हे कळवले नाही. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातातले सुख कशाला हिरावून घ्या, असे मी म्हटले. हा विचार उदात्त होता आणि सोयीचाही होता.

त्यानंतर मात्र मी शिकू लागलो. जे ज्ञान नाणे घेण्यापूर्वी मिळवायला हवे होते ते घेतल्यानंतर मिळवणे, हीच बहुतेकांच्या शिक्षणाची रीत असावी. ओतीव नाण्याचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला तर त्यावर सुईच्या टोकाएवढे खळगे दिसतात. ते वितळलेल्या धातूत अडकलेल्या हवेचे बुडबुडे. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवर उमटवल्यासारख्या गोलसर येतात. कडेभोवती साच्याच्या दोन पाळ्यांची शिवण असते, आणि ती घासून टाकली असेल तर घासल्याच्या रेषा राहतात. ठोकलेल्या नाण्यात धातू घावाबरोबर बाहेरच्या दिशेने सरकलेला असतो आणि त्या सरकण्याच्या बारीक रेषा अक्षरांपाशी दिसतात. पुनर्मुद्रित नाण्यात तर दुसऱ्या छापाखाली पहिला छाप दबलेला, चेपलेला असायलाच हवा. माझ्या नहपानाचा गाल डोंगराखालीही तितकाच गुबगुबीत होता. दोन राजे एकमेकांना मुळीच न दुखवता एकाच जागी राहत होते. इतका सलोखा इतिहासात होत नाही.

काळा रंगही फसवतो. गंधकाच्या धुरीने, नाहीतर उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकानेही, रुपे एका रात्रीत काळवंडते. पण ती काळिमा वरवरची आणि सगळीकडे सारखी असते. शतकांची काळिमा खोलगट जागी दाट आणि उंचवट्यांवर विरळ असते. वजन ही जुनी कसोटी, पण ती साधणे नकली नाणे करणाऱ्याला अवघड नाही. त्याहून बोलकी कसोटी घनतेची. नाणे हवेत तोलावे, मग धाग्याने पाण्यात लोंबते ठेवून तोलावे. हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागले की घनता मिळते. शुद्ध रुप्याची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. तीही एकटी पुरत नाही. शिसे रुप्याहून जड असल्यामुळे तांब्याची उणीव शिशाने भरून काढता येते. आज क्ष-किरणांची यंत्रे आली आहेत, क्षणात धातूंचे प्रमाण सांगतात. पण ती वरची कातडीच वाचतात, आणि जमिनीतल्या रुप्याच्या वरच्या थरातले तांबे शतकांत झिरपून गेलेले असते, त्यामुळे नाणे मुळात होते त्याहून शुद्ध भासते. जुन्या भट्ट्यांत शुद्ध केलेल्या रुप्यात सोन्याचा आणि शिशाचा लेश राहतो, विजेने शुद्ध केलेल्या आजच्या रुप्यात तो जवळजवळ नसतो. ही खूण पक्की मानावी, तर खोटे नाणे करणारा झिजलेली जुनी नाणी वितळवून त्याच रुप्यात ओतकाम करतो. म्हणून एकाच कसोटीवर विसंबणारा फसतो. अनेक साक्षी एकमेकींशी जुळतात का, एवढेच पाहायचे असते.

शुद्धता म्हणजे खरेपणा नव्हे, हे कौटिल्याला ठाऊक होते. त्याच्या टांकसाळीतल्या रुप्याच्या पणात सोळा भागांपैकी अकरा भाग रुपे, चार भाग तांबे आणि एक भाग लोखंड, कथील, शिसे किंवा अंजन असे. तांब्याची भेसळ राजाने केली की ते प्रमाण, दुसऱ्याने केली की ते कूट. नाणी पारखायला त्याने रूपदर्शक नावाचा अधिकारी नेमला. आणि कूट नाणे करणाऱ्याला, घेणाऱ्याला व पुढे चालवणाऱ्याला एकच दंड सांगितला, १,००० पण. राजाच्या कोशात ते घालणाऱ्याला वध. घेणारा आणि करणारा यांत त्याने भेद केला नाही. मी कूट घेतले होते आणि वडिलांच्या हाती चालवलेही होते. कौटिल्याच्या हिशोबात माझे दोन दंड होत होते.

लखनौचे राज्य संग्रहालय १८६३ साली सुरू झालेले, आता बनारसी बागेत प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. तिथल्या मोगल नाण्यांची सूची सी. जे. ब्राऊन यांनी १९२० साली प्रसिद्ध केली. अवधच्या नाण्यांवरही त्यांनी लिहिले आहे. या वाचनातून मला लखनौचा मच्छलीदार रुपया भेटला. त्यावर मासा आहे, अवधचे चिन्ह, जे लखनौच्या अनेक वेशींवर अजून दिसते. हा रुपया लखनौत पडला, पण त्यावर टांकसाळीचे नाव 'मुहम्मदाबाद बनारस' आहे. बनारस तर १७७५ सालीच कंपनीकडे गेले होते. त्यावर राज्यवर्ष २६ आहे, आणि ते वर्षानुवर्षे २६ च राहिले. बादशहाचे नाव शाह आलम. तो १८०६ साली वारला, पण १८१९ साली गाजीउद्दीन हैदर राजा म्हणून सिंहासनावर बसेपर्यंत रुपया त्याच्याच नावाने निघत होता. नगर खोटे, वर्ष खोटे, राजा मेलेला. आणि तरी या रुपयाला कोणी कूट म्हणत नाही. सराफ त्याला ओळखत होते, लोक त्याच्यावर धान्य घेत होते, तो आपल्या काळातले काम करीत होता. माझ्या नहपानावरचे प्रत्येक अक्षर बरोबर होते, आणि तो कोणत्याच काळातला नव्हता.

याच संग्रहालयाच्या इतिहासात आणखी एक धडा आहे. १८८५ पासून इथे डॉ. फ्यूरर नावाचे विद्वान अभिरक्षक होते. १८९६ साली लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला तेव्हा तेही तिथे होते. याच माणसाने ब्रह्मदेशातल्या एका भिक्षूला पवित्र अवशेष म्हणून बनावट वस्तू पुरवल्या. त्यांतला बुद्धाचा म्हणून दिलेला दात घोड्याचा असावा असे दिसून आले. १८९८ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्यांचा नेपाळी तराईवरचा ग्रंथ मागे घेतला गेला. खरे-खोटे पारखण्याची गादी ज्याच्याकडे होती त्यालाच खोट्याने गाठले. ज्ञान नसल्यामुळे माणूस फसतो हे अर्धेच खरे. त्या भिक्षूला श्रद्धेची भूक होती, फ्यूररला मोठेपणाची, आणि मला वडिलांच्या शाबासकीची. भूक कोणतीही असो, ती भिंगावर वाफेसारखी बसते.

१९९३ साली एका दुपारी चौकातला तोच वरखवाला म्हातारा आमच्या शाखेत पैसे भरायला आला. त्याच्या नोटांत शंभराची एक नोट खोटी निघाली. रोखपालाने ती माझ्याकडे आणली. मी बोटांनी चाचपली, उजेडात धरली. नियम स्पष्ट होता. नोटेवर शिक्का मारायचा, ती जप्त करायची, पावती द्यायची. नोट परत द्यायची नाही, मोबदला द्यायचा नाही. मी हे शेकडो वेळा केले होते. म्हातारा काउंटरच्या जाळीला धरून म्हणाला, "हुज़ूर, हमें भी तो किसी ने दी थी." शंभर रुपये म्हणजे त्याची किती दिवसांची हातोडी, याचा मी हिशोब केला नाही. शिक्का मारला. तो खालच्या आवाजात 'बजा है' म्हणून निघून गेला. नोटेवरचा नियम मी पाळला होता आणि नाण्यावरचा दोन वर्षे दडवून ठेवला होता, हे मला त्या संध्याकाळी घरी जाताना जाणवले. तरीही मी अण्णांना पत्र लिहिले नाही.

१९९६ साली अण्णा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही दोघा भावांनी पेटी उघडली. पेटीच्या तळाशी त्यांची नोंदवही होती. लांबट, लाल कापडी पाठीची, रकाने हाताने आखलेले. क्रमांक, वर्णन, वजन, कोठून मिळाले, किंमत, शेरा. एकूण ६१ नोंदी. शेवटून तिसरी माझ्या नाण्याची होती, आणि तारीख पंचाहत्तरीच्या त्याच रात्रीची. वर्णनात नहपान, पुनर्मुद्रित. हवेतले वजन २.३१ ग्रॅम, पाण्यातले २.०६, तीन वेळा तोलले, घनता ९.२४. 'कोठून' या रकान्यात माझे नाव आणि लखनौ. किमतीचा रकाना कोरा. शेऱ्यात एकच शब्द, कूट.

म्हणजे पाहुणे गेल्यावर, घर झोपल्यावर, पंचाहत्तर वर्षांचे अण्णा तराजू आणि पाण्याची वाटी घेऊन बसले होते. 'सुंदर' आणि 'चांगले' यांतला फरक मला सात वर्षांनी ऐकू आला.

हे सारे त्यांच्या मायेचे म्हणून मी डोळे पुसून वही मिटणार होतो. धाकटा भाऊ पाने उलटत होता. त्याने बोट ठेवले. त्या वहीत 'कूट' हा शेरा एकूण पाच ठिकाणी होता. चार नोंदी अण्णांच्या स्वतःच्या खरेदीच्या होत्या. १९५३, १९५८, १९६२, आणि एक थेट १९७८ सालची. १९६२ च्या नाण्यापुढे किंमत ४० रुपये लिहिली होती. त्या वर्षी मी चौदा वर्षांचा होतो आणि शाळेच्या सहलीचे पैसे घरात नाहीत म्हणून गेलो नव्हतो, हे मला आठवले. त्या चारांविषयी अण्णा कधी एक शब्दही बोलले नव्हते. तेव्हा त्यांचे मौन केवळ मला जपण्यासाठी नव्हते. फसलेल्या माणसाला फसल्याची लाज वाटते, आणि ती लाज बापाकडून मुलाकडे नाण्यांच्या पेटीबरोबर आली होती. ते मला म्हणू शकले असते, की अरे, मीही चारदा फसलो, बस इथे, कसे ओळखायचे ते दाखवतो. मीही त्यांना नखासच्या बाजाराची गोष्ट सांगू शकलो असतो. सात वर्षे आम्ही दोघे एकाच नाण्याच्या दोन बाजूंसारखे राहिलो, एकमेकांना पाठ लावून. तोंडाने मात्र दोघेही जे बोलू शकलो नाही ते अण्णांनी वहीत लिहून ठेवले होते. निदान तिथे त्यांनी स्वतःलाही सोडले नाही.

दोन वर्षांनी नाणी विकायचा प्रश्न आला. भावाला घरासाठी पैशांची निकड होती आणि त्याचे म्हणणे अयोग्य नव्हते. एक परवानाधारक व्यापारी आला. त्याने पेटी पाहिली, सरसकट सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगितला, तो चांगला होता. मी वही पुढे केली. ती चाळून त्याने हळूच परत सरकवली. म्हणाला, वही तुमच्याकडेच राहू द्या, वडिलांची आठवण आहे. त्याला वही नको होती. वही नसती तर एकसष्ट नाणी एकसष्टच राहिली असती. भाऊ माझ्याकडे पाहत होता. सही करायला एक मिनिट लागले असते, आणि पुढे ती पाच नाणी कुणा मुलाने बापाच्या पंचाहत्तरीला नेली असती तर आम्हाला ते कधीच कळले नसते.

आम्ही छप्पन्न नाणी विकली, वहीतल्या नोंदींच्या नकलेसह. रक्कम पुष्कळ कमी आली. भाऊ त्यानंतर दोन वर्षे माझ्याशी मोजकेच बोलत असे. आपण सत्यासाठी काही केले असे मला त्या दिवसांत मुळीच वाटले नाही. दुसऱ्याच्या गरजेच्या खर्चाने मी माझा जुना हिशोब चुकता केला, असेच वाटत राहिले. आजही त्या प्रश्नाचा निकाल माझ्यापाशी लागलेला नाही.

पाच कूट नाणी माझ्याकडे लखनौला आली. निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. प्राचीन इतिहास शिकवणारे एक परिचित अधूनमधून विद्यार्थ्यांना घेऊन येतात. मी त्यांच्या हातात एक मच्छलीदार रुपया देतो आणि एक नहपान, आणि यांतले खोटे कोणते ते विचारतो. फारसी वाचता येणारी मुले हटकून रुपयावर बोट ठेवतात, कारण त्यावरचे गाव आणि साल चुकलेले असते. मग मी भिंग पुढे करतो आणि माझ्या ४५० रुपयांची गोष्ट पहिल्यापासून सांगतो. ती सांगताना पूर्वी जीभ अडखळत असे, आता अडखळत नाही. वरखवाल्याला शोधायला मी एकदा गेलो होतो. त्या गल्लीत आता हातोडीचा ठेका फारसा ऐकू येत नाही, आणि त्याच्या जागी कोण बसते ते कोणाला सांगता आले नाही.

परवा नातीच्या लहानशा विजेच्या तराजूवर मी नहपान पुन्हा तोलला. हवेत २.३०, पाण्यात २.०५. एक शतांश ग्रॅम झिजला आहे. डोंगराच्या कमानीवर मुलाय्म्याखालून तांबूस रंग दिसू लागला आहे, आणि खळग्यात साचलेली काळिमा आता कोणी लावलेली नाही, ती हवेने आणि वर्षांनी आणली आहे. अण्णांच्या नोंदीखाली मी तारीख घातली, नवे वजन लिहिले, आणि किमतीच्या कोऱ्या रकान्यात ४५० रुपये भरले.